औषध चालू असताना नजर बदलली, तर गप्प बसू नका

हळदीचा सौदा डोळ्यांनी होतो. हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात व्यापारी हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो आणि मग भाव बोलतो. कापसाच्या बोंडातली अळी, सोयाबीनच्या पानावरचा पिवळा डाग, तुरीच्या शेंगेला पडलेले भोक, हे सगळे आपण नजरेनेच ओळखतो. शेतकऱ्याच्या घरात डोळा हे औतासारखेच एक अवजार आहे. ते बोथट झाले की सारा गाडा अडतो.

आणि तरीही शेतकरी बंधू-भगिनींनो, आपली एक खोड पाहा. बैल लंगडायला लागला तर आपण त्याच दिवशी त्याचा खूर उचलून पाहतो. स्वतःची नजर मंद झाली, तर मात्र ‘वय झाले’, ‘ऊन लागले’, ‘जागरण झाले’ असे म्हणत महिनोन्महिने दिवस ढकलतो. घरच्या बायाबापड्यांचे तर विचारूच नका. सुईत दोरा जाईना, तांदळातला खडा दिसेना, तरी त्या कुणाजवळ बोलत नाहीत.

नजर मंद होण्याची कारणे पुष्कळ आहेत. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, साखरेचा आजार ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण एक कारण सहसा कुणाच्या मनात येत नाही. ते म्हणजे आपण दुसऱ्याच दुखण्यासाठी घेत असलेले औषध. छातीच्या आजाराची गोळी डोळ्याला कशी बाधेल, असे आपल्याला वाटते. पण औषध पोटात गेले की रक्तातून साऱ्या अंगभर फिरते. डोळ्यातही ते जातेच.

म्हणून आज या विषयावर चार गोष्टी सांगायच्या आहेत. घाबरवण्यासाठी नव्हे, कारण यातले बरेचसे नुकसान वेळेवर सांगितले तर टळते.

टीबीच्या गोळ्या आणि लाल रंग

टीबी, म्हणजे क्षय, हा पूर्वी माणसाला खाटेवरून उठू न देणारा रोग होता. आज तो सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात हे औषध मोफत मिळते. पहिले दोन महिने गोळीत चार औषधे एकत्र असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने तीन औषधे चालतात, आणि इथॅम्ब्युटॉल त्यांतही असते. किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरते. मोठ्या माणसाचे वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज तीन, ५० ते ६४ किलो असेल तर रोज चार.

यातले इथॅम्ब्युटॉल १९६१ साली अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले. टीबीच्या जंतूला नवे कवच बांधू न देण्याचे काम ते करते. मोठे उपयोगाचे औषध आहे. पण थोड्या लोकांत ते डोळ्यामागच्या शिरेला बाधते. डोळ्यात उमटलेले चित्र मेंदूपर्यंत नेणारी ही शीर. विजेचा दिवा चांगला, पण तार कच्ची झाली तर उजेड कसा पडेल? तसेच इथे होते. डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो. तो लाल होत नाही, सुजत नाही, बहुधा दुखतही नाही. आणि नजर मात्र उतरत जाते.

ही बाधा किती जणांना होते? नेहमीच्या मापात औषध घेणाऱ्यांपैकी साधारण शंभरात एखाद्याला. माप जितके वाढेल तितका धोका वाढतो. बहुतेक वेळा औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांनंतर, तिसऱ्या ते पाचव्या महिन्याच्या सुमारास हा त्रास दिसू लागतो. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून ज्यांचे मूत्रपिंड आधीच कमजोर आहे त्यांच्या अंगात ते साचते. अशा माणसांनी, तसेच साखरेचे रोगी, म्हातारी माणसे, दारू-तंबाखूचे व्यसन असणारे आणि ज्यांची नजर आधीच अधू आहे अशांनी औषध सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगितले पाहिजे.

सुरुवातीची खूण ओळखायला सोपी आहे, पण ती माहीत पाहिजे. पुष्कळदा आधी रंग फिके पडतात, त्यातही लाल आणि हिरवा. लाल मिरची विटकरी दिसते. कुंकवाचा रंग उडाल्यासारखा वाटतो. पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो पटकन वेगळे करता येत नाहीत. मग समोर पाहताना मधोमध धुरकट ठिपका आल्यासारखे होते. माणसाचा चेहरा पाहावा तर कान दिसतात आणि नाक-डोळे पुसट दिसतात. बहुधा दोन्ही डोळ्यांना हे एकदमच होते, म्हणून ‘हा डोळा चांगला, तो वाईट’ असा फरकही कळत नाही.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. याच गोळीतले रिफाम्पिसिन लघवी लालसर-नारिंगी करते. ते निरुपद्रवी आहे. पण लघवी लाल झाली म्हणून घाबरून गोळ्या टाकून देणारे पुष्कळ असतात. आणि लाल रंग फिका दिसू लागला म्हणून दवाखान्यात धावणारा मात्र विरळा. व्हायला हवे नेमके उलटे.

घरच्या घरी नजर कशी पाहावी

आठवड्यातला एक दिवस ठरवून टाका. बाजाराचा दिवस असेल तर लक्षात राहील. घरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच. तिच्यात रविवारचे आकडे लाल छापलेले असतात. दिवसाच्या उजेडात तिच्यासमोर रोज त्याच जागी उभे राहा. उंबऱ्यापाशी एक खूण करून ठेवली तर उत्तम. आधी डावा डोळा तळहाताने झाका आणि उजव्याने पाहा. मग उजवा झाका आणि डाव्याने पाहा. चष्मा असेल तर लावूनच पाहा.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. मागच्या आठवड्यात वाचता येत होते ते आकडे आज येतात का? लाल आकडे तितकेच लाल दिसतात का? आकड्यांच्या मधोमध काही धुरकट किंवा पुसट दिसते का?

ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी ताटलीत थोडे कुंकू आणि शेजारी एक हिरवी मिरची ठेवा. घरातल्या निरोगी माणसाने आणि रोग्याने दोघांनी ते पाहून रंग बोलून दाखवावा. टीबीचे औषध घेणारे लहान मूल घरात असेल तर जास्त लक्ष ठेवा, कारण ‘मला फिके दिसते’ असे मूल सांगत नाही. ते वस्तू डोळ्याजवळ नेते, चेंडू चुकवते, रंगीत खडूत गोंधळते.

ही घरगुती पाहणी दवाखान्यातल्या तपासणीची जागा घेत नाही. डॉक्टर अक्षरांच्या तक्त्यावर नजर मोजतात आणि रंगीत ठिपक्यांच्या वहीतले आकडे ओळखायला लावतात. औषध सुरू होतानाच अशी एक तपासणी करून घेतली तर पुढे तुलना करता येते. आधी नजर किती होती हेच नोंदलेले नसेल, तर किती उतरली हे कसे कळणार?

मग गोळ्या बंद करायच्या का?

आता सर्वांत महत्त्वाचे. नजर बदलल्याचे जाणवले तर रोग्याच्या मनात दोन विचार येतात, आणि दोन्ही घातक आहेत.

पहिला विचार, ‘सहन करू, सहा महिन्यांचाच प्रश्न आहे.’ हे चूक. शिरेला झालेली इजा सुरुवातीला कळली आणि ते औषध थांबवले, तर बहुतेकांची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळशी परत येते. उशीर झाला तर ती पुरती परत येईलच असे नाही. काहींचे नुकसान कायमचे राहते. गेलेली नजर हमखास परत आणणारे वेगळे औषध नाही. वेळ हेच इथे औषध.

दुसरा विचार, ‘रोगापेक्षा इलाज भयंकर! फेकून द्या त्या गोळ्या.’ हेही चूक, आणि फार मोठी चूक. चार औषधे एकाच गोळीत बांधलेली आहेत. तुम्ही गोळी टाकली म्हणजे एक नव्हे, चारही औषधे टाकली. अर्धवट सोडलेला टीबी उलटतो, औषधाला दाद देईनासा होतो आणि खोकल्यातून घरच्या लेकराबाळांना लागतो.

बरोबर वाट या दोहोंच्या मधली आहे. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, जिथून औषध मिळते तिथे जा आणि सांगा. डॉक्टर डोळे तपासतील. संशय आला तर ते इथॅम्ब्युटॉल तेवढे वगळतील आणि बाकीची औषधे सुटी देऊन उपचार पुढे चालू ठेवतील. टीबीही बरा होईल आणि डोळेही वाचतील. पण हा निवाडा त्यांनी करायचा, आपण नाही.

गावात आशाताई आहेत, उपकेंद्र आहे, त्यापुढे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत कुठल्याही तालुक्यातला रोगी असो, हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणीसाठी जाता येते. २०२४ साली हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. टीबीबद्दल विचारण्यासाठी सरकारचा १८००-११-६६६६ हा बिनपैशाचा दूरध्वनी आहे.

घरच्या मंडळींनाही एक सांगणे. पुष्कळ घरांत सुनेला टीबी झाला तर तो झाकून ठेवतात. ती कोपऱ्यात लपून गोळ्या घेते. अशी बाई आपली नजर फिकी झाली हे कुणाला सांगणार? आधीच घरात ओझे झाल्याची भावना, त्यात आणखी एक तक्रार. म्हणून सासूने, नवऱ्याने आपणहून आठवड्याला विचारावे, ‘तुला नीट दिसते ना?’ एवढ्या प्रश्नावर एखाद्या घरातला डोळा वाचेल.

जपानात घडलेली गोष्ट

औषधाने डोळे जातात हे सांगितल्याशिवाय कळत नाही, याचा मोठा धडा जपानने घेतला आहे. तिथे १९५५ च्या सुमारापासून एक विचित्र दुखणे पसरू लागले. आधी पोट दुखायचे, मग पाय बधिर व्हायचे, चालता येईनासे व्हायचे आणि काहींची नजर जायची. १९७० पर्यंत असे सुमारे दहा हजार रोगी झाले. हा संसर्गाचा रोग असावा असा समज पसरला, आणि शेजारीपाजारी रोग्यांच्या वाऱ्याला उभे राहीनात.

मग काही रोग्यांची जीभ आणि लघवी हिरवी झालेली दिसली. तो हिरवा रंग तपासला, तेव्हा त्यात क्लिओक्विनॉल नावाचे औषध निघाले. हगवणीवर सर्रास दिली जाणारी ही गोळी. पोट दुखते म्हणून माणसे ती घेत आणि तीच त्यांच्या शिरा जाळत होती. नीगाता विद्यापीठाचे डॉक्टर त्सुबाकी यांनी रोग्यांना विचारून हिशेब मांडला, आणि सप्टेंबर १९७० मध्ये जपान सरकारने तिची विक्री थांबवली. त्यानंतर नवे रोगी जवळजवळ बंद झाले. आपल्याकडच्या जुन्या माणसांना एन्टेरो-व्हायोफॉर्म हे नाव आठवत असेल. ते हेच औषध.

पंधरा वर्षे लागली, कारण ‘दुखणे केव्हा सुरू झाले आणि त्याआधी काय घेत होतात’ हा साधा प्रश्न कुणी पुरेसा विचारला नव्हता. आज आपल्या देशात औषधांचे असे त्रास नोंदवण्याची व्यवस्था आहे. २०१० पासून ती चालू आहे आणि रोगी स्वतःसुद्धा १८००-१८०-३०२४ या बिनपैशाच्या क्रमांकावर त्रास कळवू शकतो. तुमची एक नोंद दुसऱ्या गावातल्या माणसाचे डोळे वाचवू शकते.

डोळ्यात घालायच्या बाटलीचा धोका

आता उलट बाजू पाहू. काही औषधे डोळ्यासाठीच असतात आणि तीच डोळ्याला बाधतात.

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा वेळी माणूस दुकानात जातो आणि ‘डोळ्यात घालायचे काहीतरी द्या’ म्हणतो. मिळालेल्या बाटलीत स्टिरॉइड असले तर एक-दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते, आणि घरात त्या बाटलीचे नाव होते. पुढे कुणाचाही डोळा लाल झाला की तीच बाटली निघते.

पण स्टिरॉइडचे थेंब आठवडेच्या आठवडे घातले तर पुष्कळांच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो दाब शिरेला हळूहळू मारतो. यालाच काचबिंदू म्हणतात. तो दुखत नाही, कडेकडेने नजर खातो, आणि खाल्लेली नजर परत देत नाही. शिवाय कमी वयात मोतीबिंदू होतो. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या लहान मुलांना हे थेंब वर्षानुवर्षे घातले जातात, त्यांना हा धोका विशेष आहे.

शेतकऱ्याला आणखी एक धोका आहे. सोयाबीन काढताना भुसकट उडते, तुरीची काडी किंवा उसाचे पान डोळ्याला लागते. त्या जखमेत बुरशी शिरू शकते. त्यावर स्टिरॉइड घालणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय. लाली उतरते, बुरशी वाढते आणि बुबुळावर फूल पडते. डोळ्याला काही लागले असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन सरळ नेत्रतज्ज्ञाकडे जा. दुकानातली बाटली नको, झाडपाला नको, आईचे दूधही नको.

बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असे नाव असेल तर ती स्टिरॉइडची आहे असे समजा. डॉक्टरांनी दिली असेल तर ते सांगतील तितकेच दिवस घाला आणि उरलेली बाटली जपून ठेवू नका. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही काही वेळा स्टिरॉइड मिसळलेले असते. आत काय आहे ते ज्या पुडीवर लिहिलेले नाही, ती घेऊच नये.

आणखी काही औषधे

साखरेचे औषध नव्याने सुरू झाले की काही आठवडे धूसर दिसू शकते. वाढलेली साखर खाली येताना डोळ्यातल्या भिंगाची जाडी बदलते, म्हणून असे होते. ते बहुधा आपोआप बसते. औषध सोडू नका, आणि महिना-दीड महिना नव्या चष्म्याचे पैसेही घालू नका. मात्र नजर एकाएकी गेली, किंवा डोळ्यापुढे काळे जाळे आले, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. साखरेच्या रोग्याने तसेही वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

सांधेवातावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नावाची गोळी वर्षानुवर्षे चालते. ती दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्याला बाधू शकते. ही गोळी घेणाऱ्यांनी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा.

म्हाताऱ्या पुरुषांना लघवी अडते म्हणून टॅमसुलोसिन देतात. तिने रोजची नजर सहसा बिघडत नाही, पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातला रंगीत पडदा ढिला पडतो. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर ते तयारी ठेवतात. म्हणून शिबिरात नाव घालतानाच हे सांगा, गोळी पूर्वी घेऊन आता बंद केली असली तरीही.

आणि शिबिरात तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी स्वतः मोटारसायकल चालवत परत येऊ नका.

दवाखान्यात जाताना

एका पिशवीत चालू असलेली सगळी औषधे घाला: गोळ्यांची रिकामी पाकिटे, बाटल्या, पुड्या, वैदूने दिलेली मुळीसुद्धा. कागदावर तीन ओळी लिहा किंवा शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या: कोणते औषध केव्हा सुरू झाले, नजरेतला बदल केव्हा जाणवला, बदल नेमका कसा आहे. गेल्या दोन दिवसांत पिकावर फवारणी केली असेल तर तेही सांगा, कारण काही कीटकनाशकांनीही बाहुली बारीक होते आणि धूसर दिसते.

डॉक्टरांना ‘डोळ्याने दिसत नाही’ एवढेच सांगू नका. ‘टीबीच्या गोळ्या चौथ्या महिन्यात आहेत आणि आठ दिवसांपासून लाल रंग फिका दिसतो’ असे सांगा. या एका वाक्याने अर्धे निदान होते.

म्हणतात, दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. औषधाने होणारा हा डोळ्याचा त्रास मात्र बहुधा मुंगीच्या पावलाने येतो. त्याची चाहूल रोग्याला आणि त्याच्या घरच्यांनाच लागते, डॉक्टरांना ती आपणच सांगायची असते. या आठवड्यात घरात कोण कोणते औषध घेत आहे ते एकदा विचारा, आणि दिनदर्शिकेसमोर उभे करून एक एक डोळा झाकायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.